दोनदा बेल

बेल दोनदा वाजली आणि मुकादम उठून न्हाणीघरात गेला. बादलीमागे बसला.

तीन वर्षांची शिकवण होती. एकदा वाजली तर शेजारी, दोनदा वाजली तर घरमालक. ते राहायचे गावाच्या दुसऱ्या टोकाला, चार-सहा महिन्यांतून एकदा यायचे. पण सगळं दोनदा करायची त्यांची सवय होती, कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघत. बाईंनी ‘ये’ म्हणेपर्यंत मुकादमाने तिथून हलायचं नाही की आवाज काढायचा नाही. मुकादम म्हणजे कुत्रा. बाई दवाखान्यासाठी दातांच्या कवळ्या घासायला बसल्या की समोर ठाण मांडून कामावर नजर ठेवायचा, म्हणून हे नाव.

बाईंनी न्हाणीघराचं दार ओढून घेतलं, हातावरची पांढरी पूड झटकली आणि पुढचं दार उघडलं.

घरमालकांच्या हातात पाना होता. "खालच्यांच्या छताला ओल आलीय," चपला काढत ते म्हणाले. "तुमच्या न्हाणीघरातला नळ बघतो. पाच मिनिटांचं काम."

एवढं घर सोडून नेमकं तेच!

"आत्ता नको. आत पसारा आहे."

"पसाऱ्याला मी काय घाबरतो? टेबलावर दातांच्या पाच जोड्या हसतायत, त्यांना नाही घाबरलो." बोलता बोलता त्यांनी दार ढकललंसुद्धा.

मुकादम बादलीमागे बसून होता. भुंकला नाही, शेपूटही हलवली नाही. घरमालकांनी हातातला पाना खाली घेतला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"करारात काय लिहिलंय?"

"प्राणी पाळायचा नाही." बाईंनी कपाटातून डॉक्टरांचं पत्र आणलं. ते दाखवलं की आजार उघड होणार, म्हणून तर तीन वर्षं ही लपवाछपवी चालली होती. "हे वाचा. असं पत्र असलं की घरमालकाला कुत्र्याला नाही म्हणता येत नाही."

घरमालकांनी पत्र वाचलं. मग सवयीप्रमाणे पुन्हा वाचलं. "श्वास कोंडतो तुमचा?"

"कधी कधी. छाती आवळते, तोंडातून शब्द फुटत नाही. हा मांडीवर डोकं दाबून बसतो. मग श्वास हळूहळू सुटतो."

"आणि हा नसला तर?"



घरमालक वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"तुम्ही येण्याआधी वरच्या मजल्यावर एक मास्तर होते, एकटेच वारले," ते हळू आवाजात म्हणाले. "दार मी फोडलं. चौथ्या दिवशी. तेव्हाच ठरवलं, एकट्या आजारी माणसाला जागा द्यायची नाही. आता बघा. हे पत्र मी वाचलं म्हटलं, तर कुत्रा राहील. पण महिनाअखेरीला करार संपतोय, तो पुढे चालवणार नाही. तुम्ही भावाकडे जा, करारावर साक्षीदार म्हणून सही आहे ना त्यांची. आणि पत्र वाचलंच नाही म्हटलं, तर तुम्ही राहा, हवी तितकी वर्षं. कुत्रा मात्र रविवारपर्यंत गेला पाहिजे."

"भावाकडे नको."

"मग कुत्रा?"

"तो गेला तर मी..."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कळतंय मला. पण मला परत दार फोडायचं नाही हो." त्यांनी पत्राची घडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "नळ बसवेपर्यंत ठरवा."

बाईंकडे पाठ करून ते नळाशी बसले.

पाना फिरू लागला. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. भावाच्या घरातली ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढे आली, बाहेरून कडी असलेली. मग मुकादमाशिवायचं हे घर. छाती आवळायला लागली. त्यांनी चौकट धरली. हवा गळ्यापर्यंत येई आणि तिथेच अडे.

मुकादमाला कळलं. त्याला नेहमीच बाईंच्या आधी कळायचं. त्याचे पुढचे पाय उचलले गेले, परत टेकले. सगळं अंग थरथरत होतं आणि डोळे बाईंच्या ओठांवर होते. त्याला एकच शब्द हवा होता, ‘ये’.

बाईंनी ओठ उघडले. शब्द फुटला नाही.

"बोला, काय ठरलं?" घरमालकांनी मान न वळवता विचारलं. नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. मग त्यांचं लक्ष बादलीकडे गेलं.

"शहाणा आहे हो कुत्रा तुमचा," ते कौतुकाने म्हणाले. "जागचा हलत नाही."