डावा काटा

"डावा पुन्हा चढला, सर," को-पायलट म्हणाला.

समोर दोन काटे होते. एक डाव्या इंजिनाचे हादरे दाखवायचा, दुसरा उजव्याचे. उजवा नेहमीच्या जागी, हिरव्या पट्टीत निवांत होता. डावा लाल पट्टीला टेकला होता. बुटांखालची फरशी थरथरत होती.

"दिसतंय मला. डोळे आहेत." कॅप्टनचा आवाज सकाळपासूनच चढलेला होता. "त्या मेकॅनिकला उतरल्या उतरल्या घरी बसवतो की नाही बघ. तासभर इंजिनात डोकं घालून बसला आणि हे दिवे लावलेत!"

को-पायलटनं नजर काट्यावरच ठेवली. तो कॅप्टनचा जावई होता. लग्न कॅप्टनला न विचारता झालं होतं आणि तो राग अजून धुमसत होता. कॉकपिटमध्ये 'बाबा' म्हणायचं नाही, असा कॅप्टनचा दंडक होता. कॅप्टनची मुलगी आज मागे प्रवाशांत बसली होती. तिला सातवा महिना होता.

"तो दहा मिनिटं मागत होता," जावई हळूच म्हणाला.

"कशाला? दोन्ही काट्यांच्या तारा सोडून बसलेला. म्हणे, कुठली कुठं जाते ते एकदा तपासतो. मी म्हटलं, दोन तारा, दोन भोकं. खुपस आणि हो बाजूला! विमान काय त्याच्या तीर्थरूपांचं आहे, थांबून राहायला?"

थरथर आता गुडघ्यांपर्यंत आली. मागून हवाईसुंदरीचा फोन वाजला.

"सर, लोक घाबरलेत. तुमची मुलगी विचारतेय, काय झालं म्हणून."

"तिला सांग, बाप चालवतोय विमान."

डाव्या काट्यानं लाल पट्टी ओलांडली.

"डावं बंद कर."

"आधी नुसतं मंद करून बघू, सर. काटा उतरतो का..."

"काल पंख फुटलेत आणि मला उडायला शिकवतोस? एका इंजिनावर विमान उतरतं. मी उतरवलंय. बंद कर म्हटलं ना!"

जावयानं डाव्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "डावं. बरोबर?"

"डावं! आता काय लिहून देऊ?"

त्यानं दांडा मागे ओढला, मग इंधन तोडलं. डाव्या बाजूची घरघर विरत गेली.

कॅप्टननं मान मोकळी केली. "झालं. आता त्या मेकॅनिकला..."

वाक्य अर्धंच राहिलं. फरशी अजून हादरत होती. आधीपेक्षा जास्त.

"बाबा," जावई म्हणाला.

कॅप्टन त्याच्यावर ओरडला नाही. तो काट्यांकडे बघत होता. डावा लाल पट्टीच्या वर तसाच फडफडत होता. उजवा शून्यावर येऊन थांबला होता.