एका फॅन क्लचचा शोध

इंजिन नुकतंच बंद केलं होतं, हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. हार्लनने पंख्याच्या पात्याला जपून एक झटका दिला. पंखा गरगर फिरत राहिला.

"बघ," तो म्हणाला. "इंजिन गरम असताना हा जड लागायला हवा. हा तर भिंगरीसारखा फिरतोय. तापलं की पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा फॅन क्लच गेला तुझा."

मार्लिसने कपाळाला हात लावला. पन्नाशीची बाई, मिनेसोटाहून एकटी गाडी हाकत आलेली. गाडी म्हणजे शहात्तर सालचं मोटरहोम, आणि तेच तिचं घर. पहाटेच्या गारव्यातही ते मोनार्क घाटाच्या दुसऱ्या वळणावर उकळलं होतं. घाटापलीकडच्या तळ्यावर तिला कॅम्पग्राउंड सांभाळायची नोकरी लागली होती. उद्या दुपारपर्यंत मोटरहोमसकट हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

हार्लनचं नाव तिला मंडळाच्या वहीत सापडलं. जुन्या मोटरहोमवाल्यांचं एक मंडळ आहे आणि कुठल्या रस्त्यावर कोण राहतं हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं. वहीत नाव दिलं की रस्त्यात अडलेल्याला नाही म्हणायचं नाही, एवढाच नियम. हार्लनचं नाव त्यात एकतीस वर्षं होतं. आता तो ऐंशीच्या पुढे गेला होता.

"मी भलत्या वेळी आले वाटतं." व्हरांड्यात बांधून ठेवलेली खोकी मार्लिसने पाहिली होती.

"उद्या सकाळी ओमाहाला निघतोय. मुलाकडे. कायमचा."

"छान की."

"छान कसलं. फेब्रुवारीत बर्फावर घसरलो, तेव्हापासून कर्टिस मागे लागलाय. पोरगा वाईट नाही, त्याचंही चुकत नाही. शेवटी दिला शब्द. म्हटलं, येईन, पण माझ्या गाडीनं येईन. तुझ्या मोटारीत पार्सलासारखा बसून नाही."

त्याची गाडी शेडमागे उभी होती. तेही शहात्तरचंच मोटरहोम. हार्लनला जायचं नव्हतं हे ओळखायला ज्योतिषी नको होता. गेल्याच आठवड्यात त्याने टोमॅटोची बारा रोपं लावली होती. जाणारा माणूस टोमॅटो लावतो का? पण एकदा दिलेला शब्द मागे घेणं किंवा काहीतरी थाप मारून वेळ मारून नेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

तो फोनला चिकटला. सॅलिडातल्या दुकानदाराने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की असा भाग मुळात नाहीच. डेन्व्हरवाला म्हणाला, मागवतो, तीन आठवडे लागतील. एकाकडे ट्रकचा होता, पण त्याचा दांडा दोन बोटं लांब. पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसला असता.

मग दोघं शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या पिकअपमधून कॅनन सिटीच्या भंगारवाल्याकडे गेली. त्याने मोठ्या ऐटीत एक न उघडलेलं खोकं काढलं. वर नंबर बरोबर होता. मार्लिसचा चेहरा खुलला. हार्लनने खोकं उचलून तळ पाहिला. तिथे बशीएवढा तेलाचा डाग होता.

"किती वर्षं आडवा पडलाय हा?"

"आडवा म्हणजे, फळीवर मावला तसा ठेवला. वीसेक वर्षं झाली असतील."

"आतलं तेल पुठ्ठ्यानं पिऊन टाकलं. हा उभा ठेवायचा असतो, लेका."

दोघं रिकाम्या हातानं परतली. घर आल्यावर मार्लिस म्हणाली, "कळवून टाकते त्यांना. दुसरं काहीतरी बघेन." पण या वयात दुसरं काही मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हार्लनला तिची कणव आली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शेडकडे.

"थांब जरा. मागे एक आहे. तू कॉफी कर."

तो आला तेव्हा तासभर होऊन गेला होता. हात कोपरापर्यंत काळे, आणि हातात क्लच. तो त्याने निगुतीने बसवला. इंजिन सुरू होताच पंखा असा गरजला की मार्लिस दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नको. तेल जागेवर जाईपर्यंत बोंबलतो."

मिनिटभरात आवाज बसला. गाडी तापवून, बंद करून हार्लनने पुन्हा पात्याला झटका दिला. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबला. मार्लिसने मोकळा श्वास सोडला.

नट आवळायचे पाने परत ठेवायला ती शेडमागे गेली. हार्लनच्या गाडीचं पुढचं झाकण उघडं होतं आणि क्लच काढलेला पंखा टायरला टेकून उभा होता. आत प्रवासासाठी अंथरूणही घातलेलं होतं. ती तशीच परत आली.

"तुमच्या गाडीचा काढून दिलात."

"वहीत नाव आहे माझं."

"अहो, पण उद्या तुम्ही जाणार कसे? मुलगा वाट बघत असेल."

"मघाशीच फोन केला त्याला. खरं तेच सांगितलं. फॅन क्लच नाही, वाटेतल्या नेब्रास्काच्या उन्हात गाडी तग धरणार नाही."

"काय म्हणाले?"

"चिडला. मग म्हणाला, मिळाला की या."

मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी आजच मंडळातल्या एकेकाला फोन लावते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी क्लच शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही."

हार्लन फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

"शोध की," तो म्हणाला. "पण सावकाश."