सर काय म्हणाले

वनरक्षकाच्या खाकी गणवेशातली वर्षाराणी पाया पडली, तसे निवृत्त ओगले सर संकोचून मागे सरकले.

"दहावीनंतर काय करू विचारलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना सर, फॉरेस्टमध्ये जा!"

सरांना तो वर्ग आठवला; खिडकीबाहेरची चिंच, मागच्या बाकांवरची खुसखुस आणि आपलं तोंडातल्या तोंडात बोलणं. आपल्या सल्ल्यानं एका तरी मुलाचं भलं झालं का, ही शंका जन्मभर सोबतीला होती. आज श्रेय आपणहून दारी आलं होतं, पण घेववेना.

"अगं, मी फॉरेन्सिक म्हणालो होतो."

"ऐकलं होतं की," ती हसली. "पण मला जंगलच हवं होतं, आणि आबा मुळीच तयार नव्हते. मग घरी सांगितलं, सर फॉरेस्ट म्हणाले. तुमचा शब्द आमच्या घरात कोण मोडणार?"