मानाची कॉफी

सत्त्याण्णव साली जयमालाबाईंचे जावई, स्वानंदराव, कंपनीच्या कामानं सहा महिने इटलीत राहून परत आले. नेरूळला सासुरवाडीला येण्याआधी फोनवर सहज बोलून गेले, "आई, आता मला मॅकियाटो कॉफीशिवाय चालत नाही."

झालं! ती कशी करतात, हे अख्ख्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण जावयाच्या मानाची म्हणजे दाटच हवी, असं ठरवून जयमालाबाईंनी म्हशीचं लिटरभर दूध आटवलं, त्यात कॉफी उकळून जायफळ किसलं आणि सायीसकट मोठाले कप काठोकाठ भरून जावयांसमोर नि सोबत आलेल्या त्यांच्या आईसमोर ठेवले.

कप बघून स्वानंदरावांना हसू आवरेना. "अहो आई, खरी मॅकियाटो अशी नसते. भातुकलीतल्यासारख्या एवढ्याशा कपात काळी, कडू कॉफी आणि वर दुधाचा नुसता ठिपका!"

विहीणबाईंनी ओठावरची साय पदराला पुसली.

"अगंबाई! म्हणजे तुझं लग्न झाल्यापासून मी या घरात मॅकियाटोच पितेय की!"