उखाण्याआधी पोचलेलं नाव

"नाव घे, नाव घे!" कराडच्या मांडवातला मघाचा गलका आत्ता कुठे मंगळावरच्या जेवणघरात पोचला. नवरा निषाद इथे, नवरी चारुता तिथे. लग्न असंच लागलं होतं. निषाद हातातला लाडू विसरून कान देऊन बसला.

वाटेतलं यंत्र बोलण्याचे तुकडे करून शेकडो रांगांतून एकदम पुढे सोडी. टोलनाक्यावर ट्रकच्या आधी मोटरसायकल सुटते, तसा आखूड तुकडा आधी सुटे. मग इथलं यंत्र सगळे तुकडे येईपर्यंत थांबून त्यांचा क्रम लावी. पण निषादला तेवढा धीर कुठला! चारुताचा आवाज लवकर कानी पडावा म्हणून त्यानं ते थांबणंच बंद केलं होतं. तिचं उलटसुलट बोलणं तो मनातल्या मनात जुळवून घेई.

पहिला शब्द आला, "निषू."

"आधीच नाव घेऊन मोकळी झाली की रे!" शेजारचे सबनीसकाका हसले.

मग बाकीचे तुकडे आले. निषादनं ते जुळवले: मंगळाची माती तांबडी, कृष्णाकाठची काळी, निषादरावांचं नाव घेते लग्नाच्या वेळी.

उखाणा पुरा झाला, पण 'निषू' त्यात कुठेच बसेना. चारचौघांत ती तसं कधी म्हणतही नसे. टाळ्यांच्या गजरात, सगळ्यात शेवटी, ती हळूच पुटपुटली असणार. आखूड तुकडा सगळ्यांना मागे टाकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जुळला का उखाणा?" काकांनी विचारलं.

निषादनं मान डोलावली आणि बोलावं लागू नये म्हणून अख्खा लाडू तोंडात कोंबला.