ताजं पाणी
हाडात हळूहळू विरघळणारे मॅग्नेशियमचे स्क्रू मिठाच्या पाण्यात ठेवायचे, झीज मोजायची आणि सही करायची, हे माझं काम. पाणी रोज बदलायचं असतं. शिळ्या पाण्यात स्क्रू अंगावर थर पांघरून टिकाऊपणाचं सोंग करतो. मी एकदा आळस केला. स्क्रूंची ती खेप पास झाली. त्यातलाच एक स्क्रू बाबांच्या मोडलेल्या घोट्यात बसला. मनात पाल चुकचुकली. त्याच दिवशी खेपेतला त्याचा उरलेला जोडीदार मी ताज्या पाण्यात सोडला, रोज पाणी बदललं. सहा महिने टिकायला हवा होता. आज, बाराव्या दिवशी, चिमट्यात धरताच त्याचा भुगा झाला. रक्त कधी शिळं नसतं. बाबांना फोन लावला. “बाबा, कुबड्या...” “दिल्या फेकून! तुझ्या सहीचा स्क्रू आहे, घाबरतंय कोण?” “आहात तिथेच बसा!” “अगं, जिन्यात कुठे बसू? आत जरा करकरतंय, पण दोनच मजले उरलेत.”