खरा टाइम

"वीस मिनिटं अकरा सेकंद," पंचांनी आकडा वाचला आणि मैदानाच्या जाळीबाहेर उभ्या असलेल्या भूपेशने मान खाली घातली.

पाच हजार मीटरची जिल्हा निवड चाचणी होती. साडेअठरा मिनिटांच्या आत येणाऱ्या मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. रंजिता सातवी आली होती. आता ती पंचांशी भांडेल, तुमचं घड्याळ चुकलंय म्हणेल, असं भूपेशला वाटत होतं. गेले तीन आठवडे तो तिला अठरा वीस, अठरा पंचवीस असे टाइम सांगत आला होता. त्यातला एकही खरा नव्हता.

पण रंजिता भांडली नाही. तिने नुसती मान हलवली, बूट काढून चपला घातल्या आणि लंगडत फाटकाकडे आली. चल म्हणाली आणि मोटरसायकलवर मागे बसली.

दोघं वज्रेश्वरीजवळच्या एकाच गावातले. भूपेश काल्हेरच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. रंजिता शाळेत असल्यापासून धावत होती. गेल्या वर्षी तिची निवड चार सेकंदांनी हुकली होती. यंदा तिला पंचविसावं लागलं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली तर आताच लागेल, नाहीतर नाही, असं ती म्हणायची. दोन्ही घरांनी त्यांचं लग्न ठरवलं होतं. राज्याला जाऊन येते, मग बघू, असं म्हणत तिने तारीख दोनदा पुढे ढकलली होती. घरचे भूपेशला टोचून बोलायचे. तो ऐकून घ्यायचा. धावू दे तिला, म्हणायचा.

दिवाळीनंतर तिच्या उजव्या नडगीत कळ यायला लागली. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. सहा आठवडे धावणं बंद, डॉक्टरांनी सांगितलं. चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. रंजिताने डॉक्टरांचा कागद घडी करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच रस्त्यावर उतरली. भूपेशने तिला दोनदा समजावलं. दुसऱ्या वेळी ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी शिफ्टला जाण्याआधी तो मुकाट्याने रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, हातात स्टॉपवॉच घेऊन.

पहिला आठवडाभर तो खरे टाइम सांगत होता. टाइम वाईट आला की ती संध्याकाळी पुन्हा धावायची. मग सकाळी पाय सुजलेला असायचा, टाइम आणखी वाईट यायचा आणि ती आणखी धावायची. एके सकाळी घड्याळात एकोणीस पस्तीस होते आणि भूपेशच्या तोंडून अठरा पंचवीस निघून गेलं. रंजिता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मंग आज संध्याकाळी न्हाय धावत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तो रोज खोटं सांगू लागला. ती रोज संध्याकाळी घरी बसू लागली. रोज त्याला वाटायचं, आज खरं सांगावं. आणि रोज तो सुजलेला पाय दिसला की खरं सांगवायचं नाही.

चाचणीहून परतताना काल्हेरला ट्रकांची रांग लागली होती. गाड्या हलत नव्हत्या. रंजिताने त्याला रस्त्याकडेच्या रसवंतीपाशी थांबायला सांगितलं. बाकावर बसून तिने पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. नडगी लाल होऊन चकाकत होती. रसाचे दोन ग्लास आले. तिने आपला एका दमात संपवला.

"उद्या सुट्टी टाक. डॉक्टरांकडं जाऊ," ती म्हणाली.

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. भूपेशने हातातला ग्लास तसाच खाली ठेवला.

"टाइम मी खोटा सांगत व्हतो," तो म्हणाला. "तू पायाला आराम द्यावास म्हणून. पन निसतं तेवढंच न्हाय. तुजी निवड न्हाय झाली तर लगीन तरी होईल, असंबी कदी कदी मनात यायचं."

रंजिताने आपला रिकामा ग्लास बाजूला सरकवला. समोरून एक कंटेनर घरघरत पुढे सरकला.

"लग्नाचं मला ठाव न्हवतं," ती म्हणाली. "सांगितलंस ते बरं केलंस. त्यावर पाय बरा झाला की बोलू."

"आनि टाइमचं?"

"बारा वरसं धावतेय मी. किती टाइमात पळाले ते श्वासावरनं कळतं मला. तू पहिल्यांदा खोटं बोललास, तवाच कळलं."

कळत होतं तर आज धावलीस कशाला, भूपेशने विचारलं.

रंजिताने पाय हळूच स्टुलावरून खाली घेतला. उठताना तिने आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरा टाइम कवातरी ऐकायचाच व्हता," ती म्हणाली. "फकस्त तुज्या तोंडून नको व्हता."